बँकेचा मेल, नो-रिप्लाय

मध्यंतरी कित्येक महिने कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सायबर भामट्यांपासून सावध करायचे आणि मग पलीकडे रिंग जायची. घाईनं भावाला फोन लावायचाय, तरी आधी सावध व्हा. लोक वैतागले, त्यावर मीम्स निघाले, शेवटी ती ट्यून बंद झाली. माझा वैताग मात्र आवाजावर किंवा वेळेवर नव्हता. त्या सगळ्या उपदेशात एकच पात्र होतं: ग्राहक. लिंकवर क्लिक करू नका, ओटीपी सांगू नका, आमिषाला बळी पडू नका. बँकेच्या शाखेत जा, तिथल्या भिंतीवर हेच. एटीएमच्या स्क्रीनवर हेच. बँकेकडून येणाऱ्या मेलच्या तळाशी, बारीक अक्षरांत, पुन्हा हेच.

खोट्या मेलवर कुणीतरी क्लिक करणार, हे ठरलेलं आहे. लाखभर लोकांना मेल गेला तर त्यातला एकजण रात्रपाळी करून आलेला असतो, एकीचं मूल तापानं फणफणलेलं असतं, एकाचं खरोखरच केवायसी करायचं राहिलेलं असतं. यांना सावध करून करून किती करणार? क्लिक माणूस करतो हे खरं. पण पैसे बँकेच्या सिस्टीममधून बाहेर पडतात आणि दुसऱ्या बँकेच्या सिस्टीममध्ये जमा होतात, आणि या दोन्ही सिस्टीमच्या किल्ल्या ग्राहकाकडे नसतात. मग नुकसान झालं की हिशोब फक्त क्लिकचा का होतो?

मी करमाडचा. संभाजीनगरपासून जालना रोडनं वीसेक किलोमीटर, शेंद्रा एमआयडीसीच्या अलीकडे-पलीकडे पसरलेलं गाव. इंजिनिअरिंग शहरात केलं, आता पुण्यात नोकरी. काम असं की कंपन्यांच्या वतीनं ढिगानं मेल पाठवणारी जी सिस्टीम असते, तिच्यावर मी कोड लिहितो. तुमच्या इनबॉक्समध्ये रोज पडणाऱ्या ‘डिअर कस्टमर’च्या पोटात काय असतं ते मला बऱ्यापैकी माहीत आहे. म्हणून हे लिहितोय.

आधी पुण्यातलं एक प्रकरण. पूना ऑटो अँसिलरीज नावाची कंपनी, खातं पंजाब नॅशनल बँकेत. कंपनीच्या प्रमुखांना बँकेच्या नावानं मेल आला, त्यांनी त्याला प्रतिसाद दिला आणि खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे प्रकरण आलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता: शिकलेला माणूस, एवढी मोठी कंपनी, आणि मेलला उत्तर देतो? भोगा आता.

पण ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली गेले. या कायद्यात एक सोय आहे जी आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. प्रत्येक राज्याचे आयटी सचिव हे त्या राज्याचे निवाडा अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे ते ऐकू शकतात. महाराष्ट्रात तेव्हा राजेश अग्रवाल त्या पदावर होते. २०१३ साली त्यांनी निकाल दिला की बँकेनं तक्रारदाराला ४५ लाख रुपये द्यावेत. मेलला प्रतिसाद दिला म्हणून तक्रारदारानंही नुकसानाचा वाटा उचलायचा, हे त्यात होतंच. पण फसवणुकीसाठी उघडलेल्या खात्यांविरुद्ध पुरेशी तपासणी नव्हती, म्हणून बँकही निष्काळजी ठरली.

८० लाख १० हजारातले ४५ लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त. ज्यानं क्लिक केलं त्याच्यापेक्षा ज्यानं पैसे जाऊ दिले त्याचा वाटा मोठा धरला गेला. त्याआधी एप्रिल २०१० मध्ये तामिळनाडूच्या निवाडा अधिकाऱ्यांनी आयसीआयसीआय बँकेला अबू धाबीत राहणाऱ्या एका खातेदाराला १२ लाख ८५ हजार रुपये द्यायला सांगितलं होतं. तेही फिशिंग मेलचंच प्रकरण. म्हणजे हा विचार काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. आपल्याच देशात, आपल्याच कायद्याखाली, तपाहून अधिक काळापूर्वी तो मांडून झालाय. भिंतीवरच्या पोस्टरपर्यंत मात्र पोचलेला नाही.

आता मेलच्या पोटात जाऊ.

बँका सांगतात, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. आणि मग स्वतःच लिंका पाठवतात. क्रेडिट कार्डची ऑफर, प्री-अप्रूव्हड लोन, ‘तुमचं स्टेटमेंट तयार आहे’, ‘नॉमिनी अपडेट करा’. त्या खऱ्या मेलमधल्या बटणावर बोट दाबून धरा आणि खालचा पत्ता वाचा. बऱ्याचदा त्यात बँकेचं नाव सुरुवातीला नसतंच. कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीचं डोमेन आणि पुढे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. हे का? कारण मार्केटिंगवाल्यांना मोजायचं असतं, कितीजणांनी मेल उघडला, कितीजणांनी क्लिक केलं. मोजायचं तर तुमचं क्लिक आधी मेल पाठवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून जावं लागतं, तिथे नोंद होते, आणि तिथून तुम्हाला बँकेच्या पानावर ढकललं जातं. भामट्याची लिंकही अगदी अशीच दिसते. वेगळी दिसणार कशी, तंत्र तेच आहे.

एका वित्तसंस्थेबरोबरच्या मीटिंगमध्ये (नाव सांगत नाही) आमच्या टीमनं सुचवलं होतं की निदान व्यवहारांच्या आणि केवायसीच्या मेलमधून तरी सगळ्या लिंका काढून टाका; ‘ॲप उघडा आणि अमुक ठिकाणी जा’ एवढंच लिहा. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘मग क्लिक रेट कसा दाखवायचा?’ विषय संपला. म्हणजे ग्राहकाला क्लिक करायची सवय लावण्याचं टार्गेट एका विभागाला, आणि क्लिक करू नका म्हणून पोस्टर छापायचं बजेट दुसऱ्या विभागाला.

आणखी एक गंमत. स्टेटमेंटची पीडीएफ पासवर्डनं बंद असते, आणि तो पासवर्ड कसा बनवायचा हे त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. तुमचं नाव आणि जन्मतारीख तुमच्या फेसबुकवर आहे. दुकानाला कुलूप लावायचं आणि किल्ली कुठल्या कोनाड्यात ठेवलीय ते शटरवर खडूनं लिहून ठेवायचं, तसं आहे हे. वर यातून ग्राहकाला आणखी एक वाईट सवय लागते: बँकेच्या मेलला जोडलेली फाइल उघडायची आणि मागेल ते टाइप करायचं.

आणि भाषा. खोटा मेल ओळखण्याची जी पत्रकं निघतात त्यांत हमखास एक सल्ला असतो: स्पेलिंगच्या आणि व्याकरणाच्या चुका बघा. हा सल्ला लिहिणाऱ्यानं करमाडच्या बाजारात एक दिवस घालवावा. आमच्याकडे शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात जमिनी गेल्या, मोबदला थेट खात्यात आला, आणि ज्यांनी आयुष्यभर सोसायटीचं कर्ज आणि अडतीची पट्टी एवढाच कागद पाहिला होता त्यांच्या नावावर एकदम मोठ्या रकमा दिसू लागल्या. मागोमाग स्मार्टफोन, नेट बँकिंग, आणि पोरानं कधीतरी काढून दिलेला मेल आयडी. त्यांना बँकेचा खरा मेलही इंग्रजीत येतो आणि खोटाही इंग्रजीत येतो. दोन्ही सारखेच परके. ज्याला खऱ्या मेलचं व्याकरण कळत नाही तो खोट्याचं चुकलेलं कसं पकडणार? आणि आता तर एआयमुळे भामट्यांचं इंग्रजी बँकेच्या इंग्रजीपेक्षा बरं झालंय. मराठीही चांगलं लिहितात. शुद्धलेखनाच्या जोरावर चोर पकडायचे दिवस गेले.

मग पकडायचं कुणी? इथे थोडं तंत्र सांगावं लागेल.

ईमेल पाठवण्याची मूळ पद्धत १९८२ सालची आहे. ती बनली तेव्हा नेटवर्कवरचे लोक एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव तपासायची सोयच तिच्यात ठेवली नव्हती. पोस्टात पाकीट टाकताना मागे प्रेषक म्हणून राष्ट्रपतींचं नाव लिहिलंत तरी पोस्टमन ते नेऊन देतो, मेलचं तसंच. पुढे यावर इलाज निघाले. बँक आपल्या डोमेनच्या नोंदीत जाहीर करू शकते की आमच्या नावानं मेल फक्त अमुक सर्व्हरवरूनच निघतील; त्याला एसपीएफ म्हणतात. प्रत्येक मेलवर डिजिटल सही करू शकते; ते डीकेआयएम. आणि तिसरी नोंद, डीमार्क, जीमेलसारख्या मेल घेणाऱ्याला सांगते की या तपासणीत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं. त्यात तीन पर्याय आहेत. ‘नन’, म्हणजे काहीच करू नका, मला फक्त कळवा. ‘क्वारंटाइन’, म्हणजे स्पॅममध्ये टाका. आणि ‘रिजेक्ट’, म्हणजे दारातूनच परत पाठवा.

‘नन’वरून ‘रिजेक्ट’वर जाणं म्हणजे नोंदीतला एक शब्द बदलणं. त्याला लायसन्स लागत नाही, मशीन लागत नाही. मेहनत लागते ती वेगळी: बँकेच्या नावानं कोण कोण मेल पाठवतं याची यादी करावी लागते, कारण मार्केटिंगची एजन्सी वेगळी, स्टेटमेंटची वेगळी, नोकरभरतीची आणखी तिसरी. या यादीला काही महिने जातात, हे मी नाकारत नाही. पण वर्षानुवर्षं जात नाहीत. रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ ला सायबर सुरक्षेची जी चौकट दिली, तिच्यात अगदी पहिल्या पायरीच्या बँकांनाही सांगितलंय की स्वतःच्या नावाचं मेल डोमेन ठेवा आणि त्यावर डीमार्क लावा. आणि कुठल्या डोमेनची डीमार्क नोंद काय आहे हे गुपित नसतं. ‘डीमार्क चेकर’ असं शोधा, बँकेचं डोमेन टाका, फोनवरच दिसेल. ‘पी’च्या पुढे ‘नन’ दिसलं तर समजा की तुमच्या बँकेनं रखवालदार नेमलाय, पण त्याला सांगितलंय की कुणालाही अडवू नकोस, नुसती वहीत नोंद कर.

डीमार्कनं सगळं सुटत नाही. भामटा बँकेचं डोमेन सोडून मिळतंजुळतं वेगळंच डोमेन विकत घेतो, त्यावर डीमार्कही लावतो आणि मेल सुखरूप पोचतो. त्यात फोनवरचं मेल ॲप पाठवणाऱ्याचं फक्त नाव दाखवतं, पत्ता झाकून ठेवतं. नावावर टॅप केल्याशिवाय तो दिसत नाही. आणि पत्ता दिसला तरी तो उजवीकडून वाचायचा असतो. सुरुवातीला बँकेचं नाव असलं आणि शेवटी ‘डॉट एक्सवायझेड’ असलं, तर मालक शेवटच्या भागाचा असतो, सुरुवातीचा नाही. हे कुठल्या शाळेत शिकवतात?

म्हणून रिझर्व्ह बँकेनं एक खरोखर चांगली गोष्ट केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये घोषणा झाली की बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असं राखीव डोमेन असेल. ते फक्त आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेचीच संस्था देईल, म्हणजे ऐऱ्यागैऱ्याला ते विकत मिळणार नाही. बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत होती. मला हे मनापासून आवडलं, कारण यात पहिल्यांदाच ओझं ग्राहकाच्या डोक्यावरून काढून बँकेच्या डोक्यावर ठेवलं गेलं. ग्राहकाला लक्षात ठेवायची एकच खूण, शेवट बघ. पण ती खूण तेव्हाच उपयोगी, जेव्हा सगळे मेलही तिथूनच येतील आणि सगळ्या लिंकाही तिथेच जातील. वेबसाइट हलवली आणि ऑफरचे मेल जुन्याच एजन्सीच्या डोमेनवरून येत राहिले, तर सगळं मुसळ केरात. आज रात्री इनबॉक्स उघडून बँकेचे शेवटचे पाच मेल तपासा आणि तुमच्या बँकेनं काय केलंय ते बघा.

एवढं करूनही कुणी फसलंच, तर? तेव्हा आपण ओटीपीच्या भरवशावर असतो, आणि तो भरवसा आता फारसा उरलेला नाही. फिशिंगचं हल्लीचं पान नुसतं नक्कल नसतं. ते मधे बसलेलं असतं. तुम्ही टाकलेला पासवर्ड ते त्याच क्षणी खऱ्या बँकेच्या पानावर टाकतं, बँक तुम्हाला खरा ओटीपी पाठवते, तुम्ही तो खोट्या पानावर टाकता, ते पुढे सरकवतं. ओटीपी तुम्ही ‘कोणालाही सांगितलेला’ नसतो. तुमच्या समजुतीनुसार तुम्ही तो बँकेलाच दिलेला असतो. याला तोड आहे ती पासकीसारख्या पद्धतीची, जिथे फोन आधी डोमेन तपासतो आणि मगच सही करतो. माणसाचा डोळा फसेल, पण डोमेन एका अक्षरानं जरी वेगळं असलं तरी फोन सही करत नाही. हे तंत्र आज तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनमध्ये आहे. ते लावायचं की नाही हे ग्राहक ठरवू शकत नाही, बँक ठरवते.

आता शेंद्र्याचं ऐका. आमच्या ओळखीतले एक काका तिथे छोटं वर्कशॉप चालवतात, प्रेस पार्ट्सचं जॉबवर्क. २०२३ च्या दिवाळीआधी त्यांना पत्रा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या मेलवरून मेल आला: आमचं खातं बदललंय, या बिलाचे पैसे नव्या खात्यावर टाका. बिल खरं होतं, रक्कम खरी होती, आधीच्या मेलांची साखळी खाली जशीच्या तशी होती, कारण व्यापाऱ्याचा मेलच कुणीतरी ताब्यात घेतला होता. काकांनी ३ लाख ४० हजार आरटीजीएस केले. चार दिवसांनी व्यापाऱ्याचा फोन आला, ‘शेठ, पेमेंटचं काय?’

काका बँकेत गेले. तिथे त्यांना विचारलं गेलं, ‘तुम्हीच पाठवलेत ना?’ आता याचं उत्तर ‘हो’च आहे. मी घरी गेलो तेव्हा ते मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘अरे, नाव तर मी बरोबरच टाकलं होतं. त्या व्यापाऱ्याचंच नाव टाकलं होतं. मग दुसऱ्याच्या खात्यात कसे गेले?’

त्यांना वाटत होतं की बँक नाव वाचते. कुणालाही वाटेल, फॉर्मवर रकाना असतो, तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण नियम असा की एनईएफटी-आरटीजीएसनं आलेले पैसे केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येतात. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१० मध्येच तसं परिपत्रक काढलं होतं. नाव लिहायचं, पण ते कुणी जुळवून बघायचं नाही. यूपीआयमध्ये शंभर रुपये पाठवतानाही समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं; आरटीजीएसनं लाखो रुपये पाठवताना दिसत नव्हतं. शेवटी ३० डिसेंबर २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं आदेश काढला की १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी-आरटीजीएसमध्येही पाठवण्याआधी नाव दाखवायची सोय द्या. ही सोय २०२३ मध्ये असती तर स्क्रीनवर कुठल्यातरी अनोळखी माणसाचं नाव आलं असतं आणि काकांनी तिथेच बोट मागे घेतलं असतं. आजवर त्यातले ५८ हजार परत आलेत, बाकीच्यांचा पत्ता नाही. ज्या शाखेत त्यांना ‘तुम्हीच पाठवलेत ना’ विचारलं, तिथल्या टेबलामागे पोस्टर होतं: सतर्क ग्राहक, सुरक्षित ग्राहक.

कायदा पूर्ण ग्राहकाच्या विरोधात आहे असं नाही, आणि हे प्रत्येकाला माहीत हवं. ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक (सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं) सांगतं की चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसरीकडेच काही फुटलं, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांचा फटका. तक्रार आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं तेवढी रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची.

पण याच परिपत्रकात एक भगदाड आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणानं, उदाहरणार्थ पासवर्ड-ओटीपी दिल्यामुळे, नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. सगळं. पुण्याच्या निकालात जसा वाटा पाडला होता तसा वाटा इथे नाही. मग अनेकदा बँकेचं पत्र ठरलेलं येतं: व्यवहार योग्य ओटीपीनं झाला, सबब ग्राहकाचा निष्काळजीपणा, सबब तक्रार बंद. ओटीपी बरोबर होता म्हणजे ग्राहक निष्काळजी होता, हा कुठला पुरावा? मधे बसलेल्या पानाचं वर सांगितलंच. न्यायालयं याला मान डोलावत नाहीत. आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४ हजार २०४ रुपये गेले. ओटीपी त्यानंच दिला असं स्टेट बँकेचं म्हणणं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयानं बँकेला जबाबदार धरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाख ९० हजार परत करायला सांगितले. तिथे ओटीपी न येताच नवे लाभार्थी जोडले गेले होते. पण ९४ हजारांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोण जाणार? शंभरातले नव्व्याण्णव जण पहिल्या पत्रालाच घरी बसतात, आणि बँकेला हे पक्कं ठाऊक असतं.

त्याच परिपत्रकात मला सगळ्यात आवडणारं वाक्य वेगळंच आहे. बँकेकडून जो एसएमएस किंवा मेल अलर्ट येतो, त्याला ग्राहकानं तिथल्या तिथे ‘रिप्लाय’ करून हरकत नोंदवता आली पाहिजे. त्यासाठी त्याला वेबसाइट किंवा मेल आयडी शोधत बसायला लागू नये. २०१७ सालापासून हे लेखी आहे. आता तुमच्या मेलमधला शेवटचा व्यवहाराचा अलर्ट उघडा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता वाचा. माझ्या बँकेचा ‘नो-रिप्लाय’ आहे. रात्री अकराला तुमच्या खात्यातून पैसे जातात, अलर्ट येतो, तुम्ही हादरून त्याच मेलला ‘हा व्यवहार माझा नाही’ असं उत्तर देता, आणि ते उत्तर कुणीही वाचत नाही. मग तुम्ही गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधता, आणि तिथे पहिला नंबर भामट्याचाच निघू शकतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, माझ्या ऑफिसातही येतो: बँकांनी सगळं भरून द्यायचं ठरवलं तर लोक बेफिकीर होतील, खोटे दावे करतील. मला हा आक्षेप पोकळ वाटत नाही, पण तो करून पाहिलेल्यांचं काय झालं ते बघू. सिंगापूरमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये ओसीबीसी बँकेच्या नावानं खोटे एसएमएस गेले. सुमारे ७९० ग्राहकांचे १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर गेले. बँकेनं सगळे भरून दिले. आणि महिन्याभरात तिथल्या नियामकानं बँकांना सांगितलं की ग्राहकांना पाठवायच्या मेल आणि एसएमएसमधून क्लिक होणाऱ्या लिंका काढून टाका, आणि नव्या फोनवर टोकन चालू व्हायला किमान बारा तास थांबवा. लिंका काढा! जे आम्ही त्या मीटिंगमध्ये मागत होतो तेच. ब्रिटननं ऑक्टोबर २०२४ पासून फसवून पाठवायला लावलेल्या पैशांची भरपाई बँकांवर सक्तीची केली, ८५ हजार पौंडांपर्यंत, आणि तिची विभागणी निम्मी-निम्मी: पैसे पाठवणारी बँक आणि पैसे घेणारी बँक. घोर निष्काळजीपणाचा अपवाद तिथेही आहे, म्हणजे बेफिकिरीला मोकळं रान नाही.

यातला दुसरा अर्धा मला जास्त मोलाचा वाटतो. आपल्याकडे फसवणुकीच्या चर्चेत पैसे घेणारी बँक कधी दिसतच नाही. काकांचे ३ लाख ४० हजार कुठेतरी हवेत गेले नाहीत. एका बँकेतल्या एका खात्यात गेले, ज्याचं केवायसी झालेलं होतं, ज्याला पासबुक होतं. अशी खाती भाड्यानं मिळतात. कॉलेजच्या पोरांना चार-पाच हजार देऊन खातं, एटीएम कार्ड आणि सिम घेतलं जातं. (तुमच्या रूमवर असा कुणी ‘दादा’ आला तर त्याला दारातूनच घालवा, पोलीस पहिल्यांदा तुमच्याकडे येतील, त्याच्याकडे नाही.) ज्या खात्यात महिन्याला दोन हजार येत होते तिथे एका दुपारी तीन लाख आले आणि अर्ध्या तासात निघूनही गेले, हे ओळखायला फार मोठी अक्कल लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्याच इनोव्हेशन हबनं अशी खाती हुडकणारं ‘म्यूलहंटर’ नावाचं साधन बनवलंय. पण घेणाऱ्या बँकेच्या खिशाला झळ बसत नाही तोवर ती ते मनापासून कशाला वापरेल?

थोडी हालचाल आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये व्यवहारांच्या पडताळणीचे नवे निर्देश काढले, १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे. त्यांत म्हटलंय की हे निर्देश न पाळता झालेल्या व्यवहारात ग्राहकाचं नुकसान झालं तर ते बँकेनं कुरकुर न करता पूर्ण भरून द्यायचं. चांगलं आहे. पण निर्देश पाळूनही लुबाडणूक होतेच, आणि तिथे पुन्हा २०१७ चं भगदाड उघडं आहे. ते बुजवायचं तर ग्राहकाची चूक धरूनही वाटा पाडायला हवा: पाठवणारी बँक, घेणारी बँक, ग्राहक. पुण्यात पाडला होता तसा, फक्त प्रत्येकाला सचिवांच्या दारात न जाता.

तोवर ज्याच्या हातात जे आहे ते. पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३०, मग बँकेला लेखी, आणि लेखीमध्ये २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून दहा दिवसांतली तात्पुरती जमा मागा. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. तिला फी नाही. रक्कम मोठी असेल तर कलम ४६.

आणि आपल्या मराठी मुलखात एक हत्यार असं आहे जे मोठ्या खाजगी बँकांच्या ग्राहकांकडे नसतं. नागरी सहकारी बँकेत आपल्यापैकी कित्येकांच्या आईवडिलांचे शेअर्स आहेत, म्हणजे ते सभासद आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागते. अहवालाचं पुस्तक घरी येतं, बहुतेक घरांत ते न उघडताच रद्दीत जातं, आणि सभेला लोक जेवणासाठी आणि भेटवस्तूच्या डब्यासाठी जातात. या वर्षी वडिलांबरोबर जा, किंवा त्यांच्या हातात कागद द्या. प्रश्न मराठीत लिहा, सभेआधी लेखी पाठवा, पोच घ्या. आपल्या बँकेच्या मेल डोमेनची डीमार्क नोंद ‘रिजेक्ट’वर आहे का, नसेल तर कोणत्या तारखेपर्यंत होईल? व्यवहाराच्या अलर्टला रिप्लाय केला तर तो कोण वाचतं? आणि गेल्या आर्थिक वर्षात ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ म्हणून किती तक्रारी बंद केल्या, त्यांतल्या कितींमध्ये तो पुराव्यानं सिद्ध केला?